ग्राउब्युंडेनची मोटारबंदी आणि स्वित्झर्लंडचा रेल्वेप्रवास

स्वित्झर्लंडहून परतलेली मंडळी बर्फाइतकंच तिथल्या गाड्यांचं कौतुक करतात. रेल्वेतून उतरावं तर बाहेर पिवळी डाकबस उभी, आणि ती घाट चढून अगदी शेवटच्या गावात नेऊन सोडणार. हे सगळं निव्वळ शिस्तीतून आलं असं आपण समजतो. पण निदान आग्नेयेकडच्या ग्राउब्युंडेन या कॅन्टनमध्ये, म्हणजे तिथल्या घटक राज्यात, त्यामागे पंचवीस वर्षांचा वाद आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्रवासी आले, हॉटेलं उभी राहिली, 1871 मध्ये रिगी डोंगरावर दातेरी रुळांची रेल्वे चढली आणि 1882 मध्ये आल्प्सखालचा गोथार्डचा रेल्वे बोगदा खुला झाला. ग्राउब्युंडेनमध्ये मात्र खिंडी ओलांडायच्या त्या घोड्यांच्या डाकगाडीनेच. 1900 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने कॅन्टनमधल्या सगळ्या रस्त्यांवर मोटारींना बंदी घातली. रस्ते अरुंद, एका बाजूला दरी, इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजायचे आणि धुळीने गवत खराब व्हायचं. गाडीवानांच्या पोटाचा प्रश्न होताच, शिवाय कॅन्टनने नव्या मीटरगेज रेल्वेत स्वतःचा पैसा घातला होता. बाहेरून आलेल्या मोटारवाल्याला हद्दीवर इंजिन बंद करून गाडीला घोडे जुंपावे लागत, आणि तशीच ती ओढत पलीकडच्या हद्दीपर्यंत न्यावी लागे.

ग्राउब्युंडेनमधल्या सेंट मॉरिट्झ या पर्यटनस्थळाच्या हॉटेलवाल्यांना ही बंदी नको होती, कारण श्रीमंत गिऱ्हाईक मोटारीने येऊ लागलं होतं. खेड्यांतल्या शेतकऱ्यांना ती हवी होती. प्रश्न पुन्हा पुन्हा मतदानाला गेला, एकूण दहा वेळा. मत अर्थात फक्त पुरुषांना होतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर डाकखात्याच्या बसना काही मार्गांवर आधी वाट मिळाली. अखेर जून 1925 मध्ये थोड्या मतांच्या फरकाने बंदी उठली. पुढे या खेडुतांना प्रगतीचे शत्रू ठरवलं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं. रस्ता त्यांच्या दारावरून जात होता, त्याची डागडुजी त्यांच्या गळ्यात होती आणि मोटार दुसऱ्याची होती.

त्या पंचवीस वर्षांत रेल्वेला रस्त्यावरच्या मोटारींची स्पर्धा जवळजवळ नव्हती. आल्बुला हा रेल्वेमार्ग 1904 मध्ये सेंट मॉरिट्झला पोचला आणि 1910 मध्ये तिथून पुढचा बर्निना मार्ग पूर्ण झाला. तो 2,253 मीटरवरच्या खिंडीतून थेट इटलीतल्या तिरानोला उतरतो. आल्बुला मार्गावर बेर्ग्युन आणि प्रेडा या गावांमध्ये चारशेहून अधिक मीटरचा चढ आहे. तो गाडीला झेपावा म्हणून रूळ बोगद्यांतून आणि पुलांवरून गोल फिरवत नेले, आणि साडेसहा किलोमीटरच्या सरळ अंतराचा मार्ग जवळपास दुप्पट झाला. खिडकीत बसलेल्याला तेच एक चर्च कधी डावीकडे, कधी उजवीकडे आणि दर वेळी आणखी खाली दिसत राहतं. याच मार्गावरचा फिलिझूर गावाजवळचा लांडवासर पूल 65 मीटर उंच आहे. त्याचं एक टोक उभ्या कड्याला टेकतं आणि गाडी पुलावरून सरळ बोगद्यात शिरते.

1930 मध्ये झेरमाटहून सेंट मॉरिट्झपर्यंत थेट गाडी सुरू झाली. 1982 मध्ये देशभर ठरावीक वेळेच्या अंतराने गाड्या सोडण्याचं वेळापत्रक लागू झालं. नव्वदच्या दशकात हिंदी चित्रपटांची गाणी तिथल्या कुरणांवर चित्रित होऊ लागली आणि आपल्याकडच्या सहलींना उधाण आलं. त्या बहुतेक इंटरलाकेन आणि युंगफ्राउयोखकडे वळल्या. 2008 मध्ये आल्बुला–बर्निना मार्ग जागतिक वारसा यादीत गेला, तरी मराठी ग्रुप टूरच्या कार्यक्रमात त्याला अजून क्वचितच पूर्ण दिवस मिळतो. मोठ्या काचांच्या महागड्या पॅनोरमा डब्यांचाच तेवढा गाजावाजा होतो. वास्तविक रोजची साधी गाडी त्याच रुळांवरून जाते, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतासुद्धा येतात.