मनःप्रकृती

मनःप्रकृती : भावनिक प्रतिसादाची तीव्रता, गती व नियमन यांबाबत मुलामुलांत तान्हेपणापासून आढळणारे, बऱ्यापैकी टिकून राहणारे भेद. व्यक्तिमत्त्वविकासाचा जैविक पाया म्हणून त्यांचा अभ्यास होतो.

या कल्पनेचे मूळ ग्रीक वैद्यकातील रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त या चार द्रवांत शोधले जाते. एकेका द्रवाच्या प्राबल्यावरून मानलेल्या चार स्वभावप्रकारांचे श्रेय सामान्यतः ग्रीक वैद्य गेलेन (इ. स. दुसरे शतक) यास देतात. तथापि त्याच्या विवेचनाचा भर शरीरातील उष्ण-शीत व आर्द्र-शुष्क गुणांच्या मिश्रणावर आहे. स्वभावांची रेखीव चौकट उत्तरकालीन असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आयुर्वेदातील त्रिदोषांशी असलेले साम्य उघड असले, तरी तेवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही.

आधुनिक संशोधनास मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या दीर्घकालीन पाहणीने वळण दिले. मूल ‘चिडले’ एवढ्या उत्तरावर मुलाखतकार थांबत नसत. नवा पदार्थ भरवताना त्याने तोंड फिरवले, थुंकले की रडले, हे पालकांना विचारले जाई. या नोंदींतून क्रियाशीलता, नियमितता, जुळवून घेण्याची क्षमता इ. नऊ परिमाणे काढण्यात आली. सुमारे ४०% मुले ‘सुलभ’, १०% ‘कठीण’ व १५% ‘हळूहळू रुळणारी’ ठरली. उरलेली ३५% कोणत्याच गटात बसली नाहीत, ही बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळली जाते. नऊ परिमाणे परस्परांपासून पुरेशी स्वतंत्र नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी रॉथबार्ट यांची तीन व्यापक घटकांची मांडणी आज अधिक वापरली जाते.

पालकांच्या कथनावर विसंबण्याऐवजी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात चार महिन्यांच्या अर्भकांपुढे हलती रंगीत खेळणी धरली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सुमारे २०% अर्भकांनी हातपाय झाडले, पाठ ताणली, रडू काढले. अशी मुले पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक आढळली. मात्र अनेक जण तशी झाली नाहीत.

न्यूझीलंडमधील डनीडन येथे १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या पाहणीतही तिसऱ्या वर्षीचे वर्तन व प्रौढपणीचे व्यक्तिमत्त्व यांत संबंध आढळला, पण तो माफक आहे.

टॉमस व चेस यांच्या मते, प्रकृतीपेक्षा तिचा परिसराच्या अपेक्षांशी जमणारा मेळ निर्णायक ठरतो. त्यांनी पाहिलेल्या पोर्तो रिकन कामगार कुटुंबांत मुलांच्या अनियमित झोपेची कोणाला अडचण नव्हती. शाळेसाठी सकाळी उठवायची वेळ आली, तेव्हा ती तक्रार झाली.