टक्के कमी म्हणून स्कॉलरशिप नाही?

"नव्वद टक्क्यांच्या खाली असाल तर सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरूच नका." हा मेसेज दर जूनमध्ये फिरतो. मी उत्तर नागपुरात बारावीनंतरच्या मुलांचे फॉर्म भरून देतो. परवा एक मुलगी आली, बारावीला ५४ टक्के. मार्कशीट तिने घडी घालून पर्समध्ये खोल ठेवलं होतं. "सर, हे दाखवू की नको?"

दाखव, म्हटलं. अनुसूचित जाती-जमातींच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर (म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या) शिष्यवृत्तीत टक्क्यांची अट नाही. आधीची परीक्षा पास असणं आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणं, हे मुख्य. मार्कशीट लागतं ते पास झाल्याचा पुरावा म्हणून.

मग हा समज आला कुठून? बहुधा दुसऱ्या योजनेवरून. अकरावी-बारावीसाठी एक वेगळी गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे, तिला दहावीत ७५ टक्के लागतात. दोन्ही सरकारी शिष्यवृत्त्याच, त्यामुळे गोंधळ होणारच.

स्वतः तपासायचं तर महाडीबीटी हे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती अर्जांचं पोर्टल उघडा, योजनेच्या नावावर क्लिक करा आणि 'पात्रता' वाचा. लॉगिनही लागत नाही.

फॉर्म अडतो तो भलतीकडेच: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, तरीही हा लाभ जातो. त्या मुलीचा दाखला मागच्या वर्षीचा निघाला. दुपारच्या उन्हात ती तशीच सेतू केंद्रावर गेली.