शालेय दादागिरी

शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला इतर मुलांनी जाणूनबुजून, पुन्हापुन्हा छळणे आणि सोसणाऱ्याला त्याचा प्रतिकार करता न येणे, याला शालेय दादागिरी म्हणतात. ‘बुलिंग’ हा शब्दही आता पालकसभांत सर्रास ऐकू येतो. हेतू, सातत्य आणि बळातली तफावत ही तिची तीन लक्षणे डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने स्वीडन व नॉर्वेत १९७०च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून रूढ झाली. यातले तिसरे लक्षण कळीचे. तोडीस तोड असलेल्या दोघांची मारामारी दादागिरीत मोडत नाही. बळ अंगातलेच असते असेही नाही. ते टोळीचे, पैशाचे, जातीचे असू शकते. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि मधल्या सुट्टीत तीच टोमण्यांना पुरते.

मारहाण डोळ्यांना दिसते. बाकीचे प्रकार सहज निसटतात. रोज कुणीतरी एका मुलाचा डबा ओढतो, झाकण उघडून नाक धरतो आणि ‘वास घ्या रे’ म्हणत तो बाकाबाकावरून फिरवतो. शिवी नाही, धक्का नाही, बाईंना सांगण्यासारखे काहीच नाही. काही दिवसांनी ते मूल ‘भूक नसते’ म्हणून डबा नेणेच सोडते. कट्टी आणि वाळीत टाकणे यांतही असाच फरक आहे. कट्टी दोघांची असते, तिची बट्टी होते. वाळीत टाकायचे सगळा गट मिळून ठरवतो. मोबाइल आल्यापासून शाळा सुटली तरी सुटका होत नाही, वर्गाच्या ग्रुपवर फोटो आणि टिंगल रात्रीही चालू राहते.

मुले हे घरी का सांगत नाहीत? पहिले कारण म्हणजे ‘चुगलीखोर’ हा शिक्का. त्यासाठी चुगली आणि तक्रार यांतला फरक मुलांना लहानपणीच समजावून द्यावा लागतो: चुगली दुसऱ्याला अडकवण्यासाठी असते, तक्रार कुणाला तरी सोडवण्यासाठी. दुसरे कारण मोठ्यांचे उत्तर. ‘तूही दे ना एक ठेवून’ हे ऐकलेले मूल पुन्हा काही सांगायला येत नाही. त्यामुळे खुणा ओळखाव्या लागतात. शाळेच्या दिवशीच पोट दुखते, वह्या हरवतात, शाळेचे स्वच्छतागृह टाळण्यासाठी मूल दिवसभर पाणी पीत नाही.

उत्तर नॉर्वेत १९८२च्या अखेरीस १० ते १४ वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसल्यावर १९८३ मध्ये तिथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गेनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांमध्ये ओल्वेउस यांनी राबवलेल्या कार्यक्रमानंतर छळाच्या तक्रारी जवळजवळ निम्म्यावर आल्या. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी पुढे बघ्यांकडे लक्ष वेधले. कुणी साथ देतो, कुणी हसून चेव आणतो, कुणी मान फिरवतो, एखादाच मध्ये पडतो. तुर्कू विद्यापीठात घडलेला ‘किवा’ कार्यक्रम यावरच उभा आहे. त्यात शिक्षक छळणाऱ्यांशी एकेकट्याने बोलतात आणि वर्गात ज्यांचे ऐकले जाते अशा दोन-चार मुलांना पीडित मुलाच्या सोबतीला उभे करतात. आपल्या साठ-साठ मुलांच्या वर्गांतही हे करता येण्याजोगे आहे, कारण त्याला पैसा लागत नाही, लक्ष लागते.

आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे. तो बहुधा उलटतो. बळ असमान असताना केलेला समेट दुबळ्यावरच लादला जातो आणि शाळा सुटल्यावर त्याचीही किंमत त्यालाच मोजावी लागते. त्यापेक्षा आधी मुलाचे पूर्ण ऐकावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी, मोबाइलवरचे संदेश पुसू नयेत आणि मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. छळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर छडी मारली तर बळाचाच धडा पक्का होतो. त्याच्या घरी काय चालले आहे हेही पाहावे लागते.

शालेय दादागिरीसाठी भारतात वेगळा केंद्रीय कायदा नाही. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई करते, पण त्याचा रोख शिक्षकांवर आहे. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे मात्र बाल न्याय कायद्यानुसार चालतात. रॅगिंग कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तिकडे दुर्लक्ष करणारा प्रमुख रॅगिंगला चिथावणी देणारा मानला जातो.