स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं

"अंग दुखतंय, दोन गोळ्या द्या." पावसाळ्यात मुंबईतल्या केमिस्टच्या काउंटरवर हे दिवसभर ऐकू येतं. हातात पडते ती पॅरासिटामॉल असते, आयबुप्रोफेन असते, नाहीतर दोन्हींची मिळून एक. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतं ते ब्रँडचं नाव, आणि घोटाळा तिथेच होतो.

पाय मुरगळला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ही रसायनं बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. ॲस्पिरिनचं हे काम जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून आयबुप्रोफेन जेवणानंतर घ्यावी. मोठ्यांनी एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, आणि स्वतःच्या मनाने दिवसाला १२०० च्या वर नाही. अल्सर किंवा किडनीचा आजार असेल, गरोदरपण असेल किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पॅरासिटामॉलचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर होतो. ताप उतरतो, डोकेदुखी थांबते, सूज मात्र फारशी हटत नाही. पोटाला ती सौम्य आहे. तिचा धोका यकृताला. तिचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला निकामी करतं. ग्लुटाथायोन संपलं की यकृताच्या पेशी मरू लागतात. निरोगी प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम. रोज दारू पिणाऱ्याची, यकृताच्या रुग्णाची किंवा फार किरकोळ वजनाच्या माणसाची त्याहून कमी.

आता हिशोब करा. ६५० ची गोळी तीनदा : १९५०. सर्दीच्या गोळीत ५०० असेल तर तीन वेळचे १५००. अंगदुखीच्या मिश्र गोळीतले ३२५ तीनदा, म्हणजे ९७५. एकूण ४४२५! घेणाऱ्याला वाटतं, आपण तीन वेगवेगळी औषधं घेतोय. पहिल्या दिवशी जरा मळमळतं किंवा काहीच होत नाही. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसते. उतारा आहे, एन-ॲसिटाइलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी ठरतो. जास्त गोळ्या गेल्याचं कळलं की त्रास होण्याची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जावं.

पावसाळी तापात एक गोष्ट मी निक्षून सांगेन : डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घटतात. उरलेल्यांनाही ॲस्पिरिन त्यांच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामी करते; आयबुप्रोफेन काही तासांसाठी. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर येणारा ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) असला, तर त्यात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी ती परस्पर बंद करू नये, ताप आला की डॉक्टरांना लगेच कळवावं. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात ॲस्पिरिन देऊच नये. त्यातून होऊ शकणारा रेय सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि यकृताला इजा करणारा आजार, दुर्मीळ आहे, पण जीवघेणा.

सुट्या गोळ्या घेताना केमिस्ट कात्रीने स्ट्रिप कापतो आणि औषधाचं नाव, एक्सपायरी छापलेला तुकडा बहुतेकदा दुकानातच राहतो. कापण्याआधी स्ट्रिप उलटी करून मोबाइलवर तिचा फोटो काढून घ्या.