हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वरच्या देवळापासून प्रदक्षिणेची वाट आधी पायऱ्यांनी टेकडीवर चढते आणि मग कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून थेट समुद्रालगतच्या खडकांवर उतरते. समोर काळ्या कातळाचं ऐसपैस अंगण. भूगोलाच्या पुस्तकातला ‘तरंगघर्षित चबुतरा’ तो हाच. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा भाग आधार सुटून ढासळतो, कडा मागे सरकतो आणि मागे उरतो हा सपाट तळ. म्हणजे तो भरतीच्या टप्प्यातच असणार! फोटो काढणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. पोखरलेल्या कपारीच्या सावलीत डबा उघडून बसणाऱ्यांच्याही नाही.

कड्याच्या भिंतीवर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. लोक तिला लाटांची करामत समजतात, पण खरं काम मिठाचं. खारे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून रेटा देऊन कण कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात सावली आणि ओल टिकते, मीठ तिथेच जास्त काम करतं आणि खळगा आणखी खोल जातो. मधल्या भिंती तेवढ्या उरतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट, आणि त्याला पोखरतंय काय, तर मीठ.

आता पायाखाली बघा. कालवं चिकटलेला खडक रोज पाण्याखाली जातो, आणि त्यांच्या कडा पाय कापतात. हिरवं शेवाळ निसरडं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या वरच्या अंगाला सूक्ष्मजीवांचा काळपट थर असतो, तो फसवतो: सुका असताना निव्वळ दगड, ओला झाला की साबण. चांगली पकड असलेले बूट हवेतच, चपला नकोत.

कोरड्या खडकावर उभं राहिलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला झालेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्याला लागतात. इथे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पंधरा मिनिटं शांत गेल्यावर एकावर एक चढलेल्या लाटा येतात. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे समुद्राचे अंदाज वर्तवणारं सरकारी केंद्र अशा उंच लाटांचे इशारे देतं. निघण्यापूर्वी ते बघावेत. खडकावर समुद्राकडे पाठ करू नये. कोणी पडलंच तर मागोमाग उडी न मारता दोर किंवा तरंगेल असं काही फेकावं आणि 112 ला फोन करावा.

वेळेचा हिशेब कोकणात पंचांगावर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे जाते, म्हणून हे गणित जुळतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पाणी सारख्या वेगाने चढत नाही: सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते आणखी वर येतं. पावसाळ्यात तर उतरूच नये.

समजा षष्ठी आहे. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि सकाळी सव्वादहाच्या सुमारास ओहोटी. साडेनऊला उतरावं, अकराच्या आत वर यावं. पर्यटक मात्र जेवून, डुलकी काढून, चारला चहा घेऊन निघतात.