मेंदूज्वराची लस लहानपणीच झाली, मग आता कशाला?

पोरं शिकायला बाहेर निघाली की हा मेसेज फिरतोच: ‘मेंदूज्वराची लस लहानपणी झाली असेल, तर होस्टेलला जाताना दुसरी लागत नाही.’

असं वाटणं साहजिक आहे. विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांत ती लस सरकारी दवाखान्यात मिळते. पण ती जपानी मेंदूज्वराची. त्याचा विषाणू डासांमार्फत येतो आणि ते डास वाढतात धानाच्या बांधीत. होस्टेलमधला मेंदूज्वराचा धोका मेनिंगोकोकस या जिवाणूचा. तो धडधाकट माणसाच्याही घशात असू शकतो. खोकल्यातून, दाटीवाटीच्या खोलीतून पसरतो. एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही.

घरचं लसीकरण कार्ड काढून बघा. ‘जे.ई.’ (म्हणजे जपानी मेंदूज्वर) समोर 9 ते 12 आणि 16 ते 24 महिन्यांच्या वयातल्या तारखा असतील. मेनिंगोकोकलची ओळ बहुधा नसेलच. ती सर्व बालकांच्या सरकारी वेळापत्रकात नाही.

म्हणून सगळ्यांनीच धावायचं का? तसंही नाही. इथल्या कॉलेजसाठी डॉक्टरांना विचारून ठरवा. परदेशी चाललेल्यांनी मात्र प्रवेशाची कागदपत्रं नीट वाचावी: अमेरिकेतली बरीच विद्यापीठं ही लस मागतात, ब्रिटनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना ‘एसीडब्ल्यूवाय’, म्हणजे या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू आणि वाय प्रकारांवरची लस, घ्यायला सांगतात. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. ‘बी’ प्रकारावर ती चालत नाही, त्यामुळे लस घेतली तरी जोराचा ताप आणि मान आखडली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.