घरच्या सर्व्हरची अडचण: आधी लाइन, मग पत्ता

जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन नावाचं लिनक्स, आणि तो फळीवर चोवीस तास चालू. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात घरचा सर्व्हर म्हणजे बहुधा एवढंच. त्याची मुळं फिनलंडात आहेत, पण आमच्याकडची गोष्ट लाइनीपासून, म्हणजे विजेपासून, सुरू होते.

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची खबर दिली. डेबियन १९९३ चं. लांबून मशीन हाताळायचं एसएसएच १९९५ मध्ये आलं, तेही फिनलंडातूनच. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले म्हणून टाटू युलोनेनने ते लिहिलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. गावात पोचायला त्याला बरीच वर्षं लागली.

डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी लिनक्सची जुनी फाइलव्यवस्था एक्स्ट२ लोडशेडिंगच्या मुलखासाठी नव्हतीच. लाइन मधेच गेली की पुन्हा सुरू करताना अख्खी डिस्क तपासली जायची. तोवर ढोरांना पाणी पाजून या. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक्स्ट३ आली, जर्नल घेऊन. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री खतावणीत चढवतो, तसंच हे. लाइन आली की कच्ची वही वाचायची, काही क्षणांत हिशेब जुळतो. (कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीजकेंद्रं विदर्भातच, आणि अंधारही आमच्याच वाट्याला. ते दुखणं निराळं.) लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. मात्र मे महिन्यात पारा ४५ वर गेला म्हणून मशीन कूलरसमोर ठेवू नका. मी ठेवलं होतं. ओल्या हवेने पोर्ट गंजले.

पत्त्याची अडचण नंतरची. इंटरनेटवर मशीन ओळखायच्या जुन्या आकडी पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही४ चा, आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. पुढे खेड्यात नेट शिरलं ते मुख्यतः मोबाइलवरून, आणि तिथे कित्येक ग्राहकांमागे एकच जाहीर पत्ता. अख्ख्या वाड्याला एकच फाटक: आतला बाहेर जातो, पण बाहेरच्याला आपली खोली सापडत नाही. म्हणून जाहीर पत्ता असलेला लहानसा सर्व्हर बाहेर भाड्याने घ्यायचा आणि घरच्या मशीनने स्वतःहून तिथवर बोगदा काढायचा. २०२० मध्ये असा बोगदा काढणारं वायरगार्ड लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत दाखल झालं, तेव्हापासून हे काम दहा-बारा ओळींत होतं. त्यातली एक ओळ लोक हमखास विसरतात: दर २५ सेकंदांनी घरून एक हाक द्यायची. ती थांबली की थोड्याच वेळात फाटक लागतं.